हेर नव्हे, पलटणही नव्हे

प्रश्न असा: दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश 'आर्मर्ड रेकॉनेसन्स रेजिमेंट'ला, म्हणजे फौजेच्या पुढे जाऊन शत्रूचा ठाव घेणाऱ्या तुकडीला, अनुवादात 'चिलखती हेर पलटण' म्हटलं तर चालेल का?

'हेर' आधी काढा. हेर वेष पालटून जातो, कुणी ओळखलं की संपला. ही माणसं गणवेशात, गाडीवर ब्रेनगन ही हलकी मशिनगन चढवून उघड पुढे जायची. शत्रू कुठे दडलाय हे बऱ्याचदा त्याची पहिली गोळी आली की कळायचं. याला 'टेहळणी'च म्हणावं. टेहळणी म्हटलं की बुरूज आठवतो, आणि बुरूज काही पुढे सरकत नाही, हे खरं. पण याहून जवळचा शब्द मला सापडत नाही. 'बिनी'चा मोह होतो. मात्र बिनी म्हणजे फौजेची आघाडी, आणि हे बिनीच्याही पुढे. वर्तमानपत्री 'रेकी' नकोच. ती चोर करतात, नाहीतर हात ठेवून आजार बरे करणारे.

खरी गंमत 'पलटण'मध्ये आहे. पलटण पायदळाची, रिसाला घोडदळाचा. हा घोळ खुद्द ब्रिटिशांनीही घातला होता. जानेवारी १९४१ मध्ये त्यांनी रेकॉनेसन्स कोअर हे टेहळणीचं दल उभारलं, तेव्हा नावं पायदळी होती: बटालियन, कंपनी, प्लाटून. १९४२ मध्ये ती घोडदळी झाली: रेजिमेंट, स्क्वाड्रन, ट्रूप. म्हणजे तिघांची तीच हंबर ही चिलखती गाडी कालपर्यंत प्लाटूनमध्ये होती, आज ट्रूपमध्ये! आपल्याकडे ही अडचणच नव्हती. चौथ्या भारतीय डिव्हिजनची टेहळणी सेंट्रल इंडिया हॉर्स या घोडदळाच्या रेजिमेंटकडे होती. घोडे जाऊन गाड्या आल्या तरी शिपायाला 'सवार', हवालदाराला 'दफेदार', सुभेदाराला 'रिसालदार'च म्हणत. आजही रणगाड्यातला जवान सवारच असतो.

राहिलं 'चिलखती'. ते वाचून डोळ्यांपुढे चाकांची गाडी येते. पायदळ डिव्हिजनच्या टेहळणी रेजिमेंटकडे तशा गाड्या आणि ब्रेन कॅरियर ही पट्ट्यांवर चालणारी छोटी उघडी वाहनं असत. पण प्रश्नातली रेजिमेंट आर्मर्ड डिव्हिजनमधली. १९४४ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीत अशा रेजिमेंटकडे मुख्यतः क्रॉमवेल रणगाडे होते. सातव्या आर्मर्ड डिव्हिजनमधली आठवी हुसार्स ही मूळची घोडदळाची रेजिमेंट त्यातलीच.

म्हणून मी 'टेहळणी रणगाडा रेजिमेंट' लिहीन, आणि स्क्वाड्रन, ट्रूप तसेच ठेवीन. 'रिसाला' कानाला गोड लागतो, पण वाचक नॉर्मंडीत घोडे शोधत बसेल.