फरशीवरचा अर्धा तास

ताई, माझा मुलगा दहा वर्षांचा. सात महिन्यांचा असताना डोक्यात पाणी साठतं म्हणून शंट (ते जास्तीचं पाणी काढणारी नळी) बसवला. पुढे नळी दोनदा बदलावी लागली, एकदा इन्फेक्शन झालं म्हणून. गेलं वर्षभर त्याचं डोकं दुखतं. डॉक्टरांना तेवढं सांगितलं, डोक्याचा सीटी स्कॅन केला, नॉर्मल आला. सासरे पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झालेत. ते म्हणतात, नाटकं आहेत. शाळेतून आला की दप्तर टाकून फरशीवर आडवा होतो आणि अर्ध्या तासात उठून क्रिकेटला पळतो. नवरा गप्प. मी बँकेतून आले की रोज वाद. वेगळं राहावं का?
— एक आई, कराड

वेगळं राहायचं की नाही ते नंतर बघू. मूळ पत्र चार पानी आहे (वर थोडक्यात दिलंय). साडेतीन पानं सासऱ्यांबद्दल आणि फरशीवर आडवं होण्याबद्दल एक ओळ, तीही सासऱ्यांच्याच तोंडची. मला राग आलाय तो तुमचा. ती ओळ तुम्ही कुठेच खोडून काढलेली नाही. म्हणजे मनाच्या कोपऱ्यात तुम्हालाही वाटतंय, खरंच दुखत असतं तर अर्ध्या तासात थांबलं कसं?

अहो, आडवं झालं की थांबतं, हीच तर खूण आहे! शंटची नळी डोक्यातून निघते, व्हॉल्व्हमधून जाते आणि कातडीखालून थेट पोटात उतरते. पिंपातलं पाणी रबरी नळीने काढताना टोक जितकं खाली धराल तितकी धार जोरात, तोच हा सायफन. मूल उभं किंवा ताठ बसलेलं असलं की तसंच होऊ शकतं. पाणी गरजेपेक्षा जास्त ओढलं जातं, डोकं ठणकतं. आडवं झालं की ओढ थांबते. शिवाय या वयात पोरं उंच व्हायला लागतात, म्हणजे नळीचा उतारही वाढतो. सीटीचं म्हणाल तर शंट असलेल्या मुलांमध्ये दाब बिघडूनही तो नॉर्मल दिसू शकतो.

तुमच्या मुलाला हेच झालंय असं मी म्हणत नाही, ते न्यूरोसर्जन ठरवतील. पण त्यांना ही फरशी माहीतच नाही. त्या पोराने कुणाशी वाद घातल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. बिचारा येतो, आडवा होतो. आपला इलाज आपणच शोधलाय त्याने.

अपॉइंटमेंट आज घ्या. तो दिवस येईपर्यंत एक वही घाला, आणि ती सासऱ्यांच्या हातात द्या. त्या वेळी घरात तेच असतात, तुम्ही नाही. नातू किती वाजता आला, कधी आडवा झाला, कधी उठला, सकाळी उठताना कसा होता, एवढंच लिहायचं. मत लिहायचं नाही. पाण्याच्या खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला सायफन समजावायला तुम्हाला दोन मिनिटंही लागणार नाहीत. वही घेऊन डॉक्टरांकडेही त्यांनाच न्या. जुनं डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा, व्हॉल्व्ह कुठला आणि किती प्रेशरचा ते बहुतेक त्यावर असेल. काही व्हॉल्व्हचं प्रेशर बाहेरून चुंबकाने बदलता येतं. साधा असेल तर पुढचं डॉक्टर बघतील.

एक मात्र ऐका. झोपून उठल्यावर दुखणं वाढलं, उलट्या झाल्या, गुंगी आली, ताप आला, पोट दुखायला लागलं, तर वहीबिही काही नाही. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठायचं.

आणि आज बँकेतून घरी गेलात की त्या फरशीवर एक चटई टाका.