एमआरआयच्या रिपोर्टमधली कोणती ओळ तुमच्या यजमानांच्या दुखण्याची आहे?

ताई, आधी तुमची हकीकत थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या सदस्यांनाही संदर्भ लागेल. यजमानांचं वय ४४. पाच आठवड्यांपासून कंबर धरली आहे आणि कळ डाव्या कुल्ल्यातून पोटरीच्या बाहेरच्या बाजूने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते. तिसऱ्या आठवड्यात एमआरआय झाला. रिपोर्टात (एल म्हणजे कमरेचे मणके, एस म्हणजे त्यांच्याखालचं त्रिकास्थी, आणि एल४-एल५ म्हणजे त्या दोन मणक्यांमधली गादी, अर्थात डिस्क) एल३-एल४ आणि एल५-एस१ ला ‘डिफ्यूज डिस्क बल्ज’ (गादीचा फुगवटा), एल४-एल५ ला ‘लेफ्ट पॅरासेंट्रल प्रोट्रूजन’ (गादीचा एक भाग मधल्या रेषेच्या डावीकडे बाहेर आलेला) आणि ते डाव्या एल५ नसेला टेकलेलं, एल५-एस१ लाच ‘मोडिक टाइप २’ (गादीलगतच्या हाडातला बदल), आणि वर एल२ मणक्यात ‘हेमँजिओमा’. एका डॉक्टरांनी ‘तीन ठिकाणी नस दबली आहे, ऑपरेशन उरकून घ्या’ म्हटलं, दुसऱ्यांनी गोळ्या देऊन चालतं-फिरतं राहायला सांगितलं. यजमान घाबरून अंथरुणाला खिळले आहेत. तुमचे प्रश्न दोन: ऑपरेशन करायचं का, आणि त्याआधी ३ टेस्लाच्या (जास्त ताकदीच्या चुंबकाच्या) मशीनवर पुन्हा एमआरआय करावा का.

मी रेडिओलॉजिस्ट आहे आणि मणक्याचे रिपोर्ट लिहिण्यात माझी बहुतेक वर्षं गेली. फिल्म मी पाहिलेल्या नाहीत, यजमानांना तपासलेलं नाही, त्यामुळे निर्णय त्यांना हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांचाच. पण तुम्ही दिलेल्या मजकुरावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. रिपोर्टात पाच गोष्टी आहेत आणि त्यातली एकच त्यांच्या दुखण्याशी जुळते. बाकीच्या चार त्यांची कंबर ठणठणीत असताना एमआरआय काढला असता तरी बहुधा दिसल्याच असत्या.

हे मी धीर द्यायला म्हणत नाही. १९९४ साली अमेरिकेत ९८ माणसांच्या कमरेचे एमआरआय काढले, ज्यांना कंबरदुखी अजिबात नव्हती. त्यातल्या ५२ टक्क्यांना किमान एका पातळीवर बल्ज होता, २७ टक्क्यांना प्रोट्रूजन. सगळ्या गाद्या व्यवस्थित असलेली माणसं जेमतेम ३६ टक्के निघाली. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतल्या, काहीही त्रास नसलेल्या ३११० लोकांची माहिती एकत्र करून मांडली गेली. चाळिशीतल्या वेदनामुक्त लोकांपैकी ६८ टक्क्यांच्या गाद्यांत झीज, ५० टक्क्यांना बल्ज, ३३ टक्क्यांना प्रोट्रूजन. विशीतल्यांमध्येसुद्धा ३० टक्क्यांना बल्ज. तेव्हा ४४ वर्षांच्या माणसाच्या रिपोर्टात ‘बल्ज’ हा शब्द आला, यावरून तो माणूस आजारी आहे की नाही याचा काहीच पत्ता लागत नाही.

हेमँजिओमा हे मणक्याच्या हाडातल्या रक्तवाहिन्यांचं निरुपद्रवी गाठोडं. साधारण दहा माणसांमागे एकाला असतं आणि बहुतेकांना ते कधी कळतही नाही. रिपोर्टात त्याबद्दल आणखी काही संशय लिहिलेला नसेल तर ते डोक्यातून काढून टाका.

आता जुळणारी गोष्ट. एल४-एल५ ची गादी मागे, मधल्या रेषेच्या किंचित डावीकडे सरकली, तर ती खाली उतरणाऱ्या डाव्या एल५ नसेला लागते. या नसेची कळ नेमकी पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्यापर्यंत जाते. तुम्ही वर्णन केलेली वाट हीच आहे. कळ करंगळीकडे, तळव्याच्या बाहेरच्या कडेने गेली असती तर मी एस१ नसेचा विचार केला असता आणि एल४-एल५ च्या ओळीवर इतका भर दिला नसता. म्हणून डॉक्टरांनी पाय सरळ ठेवून उचलून पाहिला का, अंगठा वर ओढायची ताकद दोन्ही पायांची सारखी आहे का, टाचांवर चालता येतं का, हे तपासणं त्या फिल्मइतकंच महत्त्वाचं आहे. तपासणीतही एल५ च निघाली, तर निदान पक्कं. ‘तीन ठिकाणी नस दबली’ हे मात्र मला या रिपोर्टात कुठे दिसत नाही. बल्ज म्हणजे गादीचा घेर सगळीकडून थोडा फुगलेला. २०१४ साली अमेरिकेतल्या मणक्याच्या आणि रेडिओलॉजीच्या संघटनांनी मिळून जी परिभाषा ठरवली, तिच्यात बल्ज हा हर्निएशनमध्ये (गादी एका जागी बाहेर सरकण्यात) मोजतच नाहीत. ज्या ओळीत नसेचा उल्लेखच नाही, तिथे नस दबल्याचं सांगणं चूक आहे.

रिपोर्टच्या भाषेचा माणसावर काय परिणाम होतो, याबद्दल मला फार कळकळ आहे, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधले डॉ. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कंबरदुखीच्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला रिपोर्टातले सगळे बदल जसेच्या तसे समजावून सांगितले, दुसऱ्याला सांगितलं की हे बदल वयाप्रमाणे आहेत, काळजीचं कारण नाही. उपचार सारखेच. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाला वेदना जास्त होत्या, भीती जास्त होती, आपला मणका कामातून गेला असं त्यांना वाटत होतं. पुढच्या टप्प्यात तेच निष्कर्ष सौम्य, रुग्णाच्या लक्षणांना धरून लिहिलेल्या भाषेत डॉक्टरांसमोर ठेवले, तेव्हा ऑपरेशनकडे झुकणारं मतही कमी झालं. म्हणजे शब्दांनी रुग्णच नव्हे, डॉक्टरही हलतो. तुमचे यजमान रिपोर्ट हातात येईपर्यंत कामावर जात होते आणि नंतर पडून राहिले, हे तुम्ही लिहिलंय ते वाचताना मला हाच अभ्यास आठवला.

यावर सोपा उपाय म्हणून अमेरिकेत रिपोर्टखालीच ‘असे बदल वेदना नसलेल्यांतही इतके टक्के आढळतात’ अशी माहिती छापून पाहिली. सुमारे अडीच लाख रुग्णांचा हा मोठा प्रयोग होता, निकाल २०२० साली आला. पुढच्या तपासण्या, इंजेक्शनं, ऑपरेशनं यांचं एकूण प्रमाण घटलं नाही. अफूजन्य वेदनाशामकं लिहून देण्याचं प्रमाण तेवढं किंचित कमी झालं. मला याचं नवल वाटलं नाही. छापलेला तक्ता कुणी वाचत नाही. समोर बसून ‘ही ओळ तुमची, बाकीच्या सोडून द्या’ असं सांगणारं माणूस लागतं.

ऑपरेशनबद्दल. नेदरलँड्समध्ये सायटिकाचे (कमरेची नस दुखावून पायात कळ जाते त्या दुखण्याचे) २८३ रुग्ण घेतले, ज्यांचा त्रास ६ ते १२ आठवडे चाललेला होता. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना औषधं आणि वाट पाहणं. अभ्यास २००७ चा. वर्षअखेरीस दोन्ही गटांत सुमारे ९५ टक्के लोक बरे झालेले. फरक वेगाचा होता: ऑपरेशनवाल्यांना बरं वाटायला साधारण ४ आठवडे, दुसऱ्या गटाला १२. आणि वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं, हेही लपवू नये. त्याच रुग्णांचा वर्षभराने पुन्हा एमआरआय काढला तेव्हा जे बरे झाले होते त्यांच्यापैकी ३५ टक्क्यांत गादी अजून सरकलेलीच दिसत होती, आणि जे बरे झाले नव्हते त्यांच्यात ३३ टक्क्यांत. फिल्म पाहून कोण बरा आणि कोण दुखणाईत हे सांगता येत नव्हतं.

बऱ्याच जणांत सरकलेला तुकडा शरीर आपणहून शोषून घेतं. तुकडा जितका मोठा आणि मूळ गादीपासून सुटलेला, तितकी ही शक्यता जास्त, कारण तो उघड्यावर आला की शरीर त्याला परका समजतं आणि भक्षक पेशी कामाला लागतात. नुसता बल्ज मात्र क्वचितच मागे जातो. तो तिथेच राहतो आणि माणूस बरा होतो.

तरीही ‘थांबा’ याचा अर्थ अनिश्चित काळ थांबा असा नाही. २०२० मध्ये कॅनडातून आलेल्या अभ्यासात ४ ते १२ महिने पायाची कळ सोसलेल्या रुग्णांत ऑपरेशन झालेल्यांची वेदना सहा महिन्यांनी स्पष्टपणे कमी होती. म्हणून माझं मत असं: अंगठ्याची ताकद शाबूत असेल तर आज पाचव्या आठवड्यात घाई नको. तीन-चार महिने होत आले आणि पायाची कळ रात्रीची झोप मोडते, काम बंद पाडते, तर ऑपरेशन हा चांगला पर्याय आहे आणि तेव्हा घाबरून मागे हटू नका. आणि ऑपरेशन पायाच्या कळेसाठी असतं. नुसती कंबरदुखी त्याने जाईलच याचा भरवसा कुणी देऊ नये.

यजमानांना अंथरुणातून उठवा. सायटिकात दोन आठवडे झोपवून ठेवलेले आणि नेहमीसारखे वावरणारे, यांच्यात काही फरक पडत नाही हे १९९९ मध्येच नेदरलँड्समध्ये तपासलं गेलं आहे. घरातल्या घरात, मग गल्लीत, सोसेल तितकं चालू दे.

मोडिक टाइप २ म्हणजे गादीलगतच्या हाडातल्या मज्जेची जागा चरबीने घेतलेली. टाइप १ मध्ये तिथे सूज दिसते आणि त्याचा कंबरदुखीशी संबंध थोडा जास्त जुळतो. हे सांगायचं कारण असं की, २०१३ साली डेन्मार्कमधल्या एका अभ्यासाने असा दावा केला की हा जंतुसंसर्ग आहे आणि शंभर दिवस अँटिबायोटिक दिलं की कंबरदुखी कमी होते. जगभर गाजावाजा झाला. नॉर्वेत १८० रुग्णांवर हे काटेकोरपणे पुन्हा तपासलं, २०१९ मध्ये निकाल आला आणि उपयोग म्हणावा इतका फरक दिसला नाही. त्यामुळे ‘मोडिक’ या शब्दावरून कुणी महिनोन्महिने अँटिबायोटिक सुचवलं तर नम्रपणे नकार द्या. आपल्याकडे यात आणखी एक धोका आहे. काही अँटिबायोटिकं क्षयाचे जंतू अर्धवट दाबतात आणि खरं निदान लांबतं.

इथे एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. कोइमतूरचा सोडला तर वर दिलेले अभ्यास युरोप-अमेरिकेतले आहेत. तिथले डॉक्टर ‘सहा आठवडे एमआरआय नको’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात मणक्याचा क्षय फारसा नसतो. आपल्याकडे तो असायलाच हवा. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, भूक मरणं, रात्री विसावा घेतानाही न थांबणारी कंबरदुखी किंवा पाठदुखी, घरात कुणाला टीबी होऊन गेलेला, मधुमेह किंवा स्टिरॉइडचे उपचार चालू, यांतलं काहीही असेल तर एक दिवसही थांबू नका. साध्या एक्स-रेमध्ये हाडाचा बराच भाग पोखरला गेल्याशिवाय काही कळत नाही. एमआरआयमध्ये मज्जेतली सूज, दोन शेजारच्या मणक्यांच्या कडा आणि बाजूला साठलेला पू फार आधी दिसतो. टीबीत गादी बराच काळ तग धरते, हीसुद्धा ओळखण्याची एक खूण आहे. अशा वेळी फक्त कमरेचा नव्हे, पूर्ण मणक्याचा स्क्रीनिंग एमआरआय मागून घ्या, कारण दूरच्या दुसऱ्या मणक्यातही रोग दडलेला सापडतो. तुमच्या रिपोर्टात यातलं काही नाही, पण हा धागा उद्या दुसरं कुणी वाचेल.

तातडीचं आणखी एक: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बैठकीची जागा बधिर झाली, दोन्ही पायांत कमजोरी आली, किंवा पाऊल लुळं पडून फरफटायला लागलं, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. त्या वेळी एमआरआय त्याच दिवशी लागतो आणि ऑपरेशनही. चालताना चप्पल पायातून नकळत निसटते आणि शर्टाची बटणं लावताना हात अडखळतात, ही जोडी मानेच्या मणक्यात मज्जारज्जू दबल्याची असू शकते. तिथे कमरेचा रिपोर्ट कितीही वाचला तरी उत्तर सापडणार नाही, मानेचा एमआरआय हवा.

शेवटी ३ टेस्ला. गादी आणि नस पाहायला १.५ टेस्लाची चांगली प्रतिमा पुरते. टेस्ला वाढवल्याने निदान बदलेल असं तुमच्या बाबतीत मला वाटत नाही. दुसऱ्या सेंटरला गेलात तर रिपोर्ट मात्र वेगळा येईल. अमेरिकेत ६३ वर्षांच्या एका बाईंचे तीन आठवड्यांत दहा सेंटरमध्ये दहा एमआरआय काढले. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे निष्कर्ष, आणि दहाही ठिकाणी नोंदला गेलेला एकही नाही. म्हणून दुसरं मत घ्यायचं तर नवीन एमआरआयवर पैसे घालवण्याऐवजी आहे तीच सीडी घेऊन दुसऱ्या रेडिओलॉजिस्टकडे किंवा स्पाइन सर्जनकडे जा. नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका, प्रतिमा न्या.

पुन्हा काढायची वेळ दोनच प्रसंगी येईल: लक्षणं बदलली तर, किंवा ऑपरेशन ठरलं आणि हा एमआरआय काही महिने जुना झाला तर. तेव्हा फॉर्मवर ‘कंबरदुखी’ एवढंच लिहू देऊ नका. ‘डावा पाय, पोटरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत कळ, अमुक आठवड्यांपासून, अंगठ्याची ताकद अशी’ हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मला असे फॉर्म फार कमी वेळा मिळतात. मिळतात तेव्हा मी आधी डावी एल५ नस पाहतो, आणि तिच्याबद्दल जे दिसेल ते रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहितो.