विनाविषय कोडं आणि 'डवरणी'

प्रश्न : भाऊ, गणपती, क्रिकेट, भाज्या असे विषय धरून मी शब्दकोडी करते. आता विषय न धरता करायला बसले, तर दोन महिन्यांत एकही पुरं झालं नाही. कोपऱ्यात येऊन अडते. शिवाय आपल्या भागातले शब्द घालावेत का? पुण्यामुंबईच्या वाचकाला ते कळतील?
— एक वाचक, वणी तालुका

उत्तर : ताई, विषय असला की तो सांभाळून घेतो. गणपतीच्या कोड्यात 'मोदक' सापडला की वाचक खूश, शेजारचे दोन फुसके शब्द खपून जातात. विषय काढला की शब्दांशिवाय हातात काही उरत नाही. म्हणून 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये १५ बाय १५ च्या विनाविषय कोड्यात जास्तीत जास्त ७२ शब्द चालतात, विषयाच्या कोड्यात ७८. शब्द कमी म्हणजे ते लांब आणि एकमेकांत जास्त गुंतलेले.

त्यांच्याकडे एका घरात २६ पैकी एक अक्षर. आपल्याकडे मात्रेसकट बसतं, 'क'च्या जागी 'का' चालत नाही. त्यात 'ळ' आणि 'ण'नं मराठी शब्द सुरूच होत नाही. वरच्या ओळीतलं अक्षर म्हणजे उभ्या शब्दाची सुरुवात. तिथे बाभूळ, आवळा, सरपण घ्यायचे तर शेवटच्या अक्षराखाली काळं घर आलंच. असे शब्द मी तळाच्या ओळीत ठेवतो. तुमचा कोपरा बहुधा इथेच अडत असेल.

आपले शब्द जरूर घाला. मागच्या उन्हाळ्यात मी 'डवरणी' (उभ्या पिकातली मशागत) तळाला घेतली. तिच्यावर बोंड, गाव, वखर, पाणी उभे सोडले. चारही शिवारातले, फार जीव जडला होता. पण डवरणीच्या वरची आडवी ओळ झाली बों-गा-ख-पा! तीन संध्याकाळी त्या चार घरांत गेल्या, खोडून खोडून कागद झिरझिरीत झाला. शेवटी वर 'आभास' घेतला आणि चौथं घर काळं केलं. उभे शब्द झाले आड, भाव, सर. वखर गेला याचं अजून वाईट वाटतं.

ते कोडं सुनेला दिलं. ती साताऱ्याकडची. 'उभ्या पिकाच्या ओळींमधली मशागत' वाचून तिनं लगेच 'कोळपणी' लिहिलं. चार घरं, शेवटी णी, बरोबर बसलं. मग 'इथे नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार' यावरून आड आला, आणि 'को' खोडावा लागला. भाव आणि पावसाची सर आल्यावर ड-व-र झालं. "डवरणी? म्हणजे आमची कोळपणीच की!" म्हणाली. काळ्या घरामुळे 'णी'ला उभा आधार नव्हता, पण पेरणी, निंदणी, मळणी, शेतीच्या कामांना णी लागतेच. तिथे आधार नसला तरी निभावतं. 'ड'ला नसता तर कोळपणी तशीच राहिली असती.

दोन गावरान शब्द मात्र एकाच घरात भेटवू नका. मी एकदा तुराटी (तुरीची वाळलेली काडी) आणि धुरा (शेताचा बांध) 'रा'वर छेदले. धुऱ्याची सूचना होती 'शेताची हद्द'. बाहेरच्या वाचकांनी 'बांध' लिहिला आणि तुराटी कोरी राहिली. तो दोष माझा, वाचकाचा नाही.

तुमचा अडलेला कोपरा चौकटीच्या कागदावर काढून पाठवा. जो शब्द काढून टाकायचं जिवावर येतं, त्याखाली रेघ मारा. आधी त्याच्याभोवतीचे शब्द बदलून बघू.