बीलेफेल्डला अ‍ॅनिमल बिहेवियर शिकायला यायचं असेल तर
तू विचारलंस की कोल्हापुरात झूलॉजीत बीएस्सी झाल्यावर प्राण्यांच्या वर्तनात मास्टर्स करायला जर्मनीला यावं का आणि खर्च किती येतो. मी जर्मनीतल्या बीलेफेल्ड शहरातल्या युनिव्हर्सिटीत हेच शिकले म्हणून जरा सविस्तर सांगते.

पैशांचं पटकन. ट्यूशन फी नाही, दर सेमिस्टरला काहीशे युरो भरायचे, त्यात प्रवासाचा पासही येतो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, त्यातून खर्चाला महिन्याला ९९२ च काढता येतात. एपीएस सर्टिफिकेटला, म्हणजे आपली भारतातली कागदपत्रं खरी असल्याच्या दाखल्याला, वेळ लागतो, ते आधी सुरू कर.

आता खरं महत्त्वाचं. इथे प्राण्यांच्या वर्तनाचे शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांचे १९६३ चे चार प्रश्न पहिल्यापासून डोक्यात बसवतात. म्हणजे झेब्रा फिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याचा नर का गातो? तर त्याच्या मेंदूत काय चालतं, पिल्लू असताना बापाकडून तो कसा शिकला, गाण्यामुळे मादी मिळते का, आणि पूर्वजांपासून हे गाणं कसं घडत आलं, ही चारही उत्तरं एकाच वेळी खरी असतात! आपल्याकडे ‘कारणे द्या’ला एकच उत्तर लिहायची सवय असते, ती इथे मोडते आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त आनंद झाला. इथे हा विषय उभा करणाऱ्या क्लाउस इमेलमननी झेब्रा फिंचची पिल्लं बंगाली फिंचच्या घरट्यात वाढवली, तर ते नर मोठे होऊन बंगाली फिंचच्याच माद्यांपुढे गायला लागले. आणि आसपासच्या जंगलात बझर्ड नावाच्या शिकारी पक्ष्याची घरटी १९८९ पासून दरवर्षी तपासतात, कारण फिकट, मधल्या आणि गडद रंगाच्या पक्ष्यांपैकी कोण जास्त पिल्लं वाढवतं हे एकदोन वर्षांत कळतच नाही.

पण फक्त जंगलात फिरायचं स्वप्न घेऊन येऊ नकोस, बराच वेळ कॉम्प्युटरसमोर जातो, स्टॅटिस्टिक्स आणि त्यासाठीची आर (R) ही प्रोग्रॅमिंग भाषा येणं मस्ट आहे, ते आत्तापासून शिक. आणि घराच्या वळचणीला गांधीलमाश्यांचं पोळं असेल तर लांबून का होईना रोज ठरावीक वेळ बघून नोंदी ठेव, कोण बाहेर जातं, कोण पोळ्यावरच बसून राहतं. राघवेंद्र गदगकर या शास्त्रज्ञांनी बंगळुरूत अशाच आपल्याकडच्या गांधीलमाश्यांवर कित्येक वर्षं काम केलंय. मोटिव्हेशन लेटरमध्ये ‘मला लहानपणापासून प्राणी आवडतात’ यापेक्षा अशी एक वही कितीतरी जास्त बोलते.

कोर्स इंग्रजीत आहे, तरी जर्मनची ए२ (A2) ही सुरुवातीची पातळी करूनच ये, पार्ट टाइम काम आणि खोली शोधताना लागतं. पुढे पीएचडीला इथे बहुतेक वेळा पगार मिळतो, पण झू किंवा संवर्धनाच्या नोकऱ्यांना चांगलं जर्मन हवंच.