कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्यात फोकस आणि फ्रेम दोन्ही नीट कसे साधावे?

आपण तीन अडचणी लिहिल्या आहेत: दोघांच्या फोटोत माणसे धूसर आणि मागची झाडे स्पष्ट येतात, फुलांचे जवळून काढलेले फोटो जमत नाहीत, आणि फोटो छापून आणले की डोके किंवा पाय कापलेले असतात. पहिल्या अडचणीबद्दल सविस्तर लिहितो, कारण कॅमेरा हाताळण्याची खरी गुरुकिल्ली तिथेच आहे.

कॅमेऱ्याच्या बटणाला दोन टप्पे असतात. ते अर्धे दाबले की कॅमेरा फोकस ठरवून धरून ठेवतो, आणि पूर्ण दाबले की फोटो निघतो. बटण एका दमात खालपर्यंत दाबले, तर फोकस नेमका कशावर झाला हे पाहायला वेळच मिळत नाही. दोन माणसे शेजारी उभी असली की फ्रेमच्या बरोबर मध्यभागी त्यांच्या खांद्यांमधली मोकळी जागा येते, आणि मध्यावर फोकस करणारा कॅमेरा त्या फटीतून दिसणाऱ्या झाडांवर फोकस करून मोकळा होतो. म्हणून पडद्यावरचा फोकसचा चौकोन आधी एकाच्या चेहऱ्यावर आणावा, बटण अर्धे दाबावे, चौकोन हिरवा होईपर्यंत थांबावे, आणि बोट न उचलता कॅमेरा हलकेच वळवून दोघे हवे तसे फ्रेममध्ये घ्यावेत. मगच बटण पूर्ण दाबावे. मधल्या वेळात आपण पुढे-मागे सरकू नये, कारण कॅमेऱ्याने धरून ठेवलेले अंतर बदलले की सगळी मेहनत वाया जाते. बहुतेक कॅमेऱ्यांत प्रकाशाचे मापही त्याच क्षणी ठरते, त्यामुळे फोकससाठी सावलीतला चेहरा निवडला आणि दुसरा उन्हात असला, तर उन्हातला चेहरा पांढराफटक येतो.

मेनूमध्ये फोकसचा चौकोन मध्यभागी कायम ठेवण्याची सोय असेल तर ती जरूर वापरावी. अनेक चौकोनांमधून कॅमेऱ्याने स्वतः निवड करण्याची पद्धत घाईच्या वेळी सोयीची असते, पण ती निवड आपल्या मनासारखी होईलच असे नाही. चेहरा ओळखणारी सोय समोर पाहणाऱ्या माणसांसाठी उत्तम चालते. मान वळवलेली असली की ती बऱ्याचदा चुकते.

चौकोन हिरवा न होता पिवळा किंवा लाल लुकलुकत राहिला, तर फोकस झालेला नाही असे समजावे. साधारणपणे हे कॅमेरे भिंग पुढे-मागे सरकवून पाहतात आणि चौकोनातल्या उजेड-अंधाराच्या कडा जिथे सर्वांत ठळक दिसतात तिथे थांबतात. त्यामुळे कोरी भिंत, धुके, निरभ्र आकाश किंवा एकरंगी कापड यांवर ते अडखळतात, कारण पकडायला कडाच नसते. अशा वेळी शर्टाची कॉलर, केसांची रेघ किंवा चष्म्याची कड यांवर चौकोन ठेवून पाहावे. तेही जमत नसेल, तर तितक्याच अंतरावरची दुसरी एखादी ठळक वस्तू धरून फोकस करावा आणि मग कॅमेरा मूळ विषयाकडे वळवावा.

धूसर आलेला प्रत्येक फोटो फोकस चुकल्यामुळेच धूसर होतो असे मात्र नाही. फोटो पडद्यावर मोठा करून पाहावा. त्यात पुढची किंवा मागची एखादी गोष्ट स्पष्ट असेल, तर फोकस भलतीकडे गेला आहे. सगळेच एका दिशेने ओढल्यासारखे असेल आणि दिव्यांच्या ठिपक्यांच्या रेघा झाल्या असतील, तर हात हलला आहे. या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे भिंगामागचा चित्र टिपणारा भाग, फार लहान असतो, अनेकांत सुमारे ६ × ४.५ मिलिमीटर, आणि त्यामुळे झूम न करता काढलेल्या दूरच्या दृश्यात जवळजवळ सगळेच स्पष्ट यायला हवे. असे दृश्य धूसर आले, तर माझा पहिला संशय हातावर जातो. कोपरे अंगाशी टेकवावीत, कॅमेरा दोन्ही हातांनी धरावा. उजेड कमी असेल तर तो कठड्यावर ठेवून २ सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबण्याचा धक्काही लागत नाही.

फुलांसाठी फुलाचेच चिन्ह असलेला मॅक्रो मोड लावावा, आणि झूम न करता कॅमेराच जवळ न्यावा. बहुतेक कॅमेऱ्यांत झूम वाढवला की फोकस होण्यासाठी लागणारे किमान अंतरही वाढते, आणि फुले धूसर येण्यामागे बहुधा हेच कारण असते. डिजिटल झूम मेनूतून बंदच करावा. तो चित्राचा मधला भाग फक्त ताणून मोठा करतो. कॅमेऱ्याला डोळा लावून पाहायची खिडकी असेल, तर जवळच्या वस्तूसाठी तिच्यावर विसंबू नये. ती भिंगापासून थोडी बाजूला असल्याने तिच्यातून दिसणारी आणि फोटोत येणारी फ्रेम जवळच्या अंतरावर जुळत नाही, पडदाच पाहावा.

आता छपाईबद्दल. बहुतेक कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा फोटो ४:३ प्रमाणात असतो आणि ४ × ६ इंचांचा कागद ३:२ प्रमाणात, त्यामुळे आडवा फोटो पूर्ण कागदभर छापताना उंचीचा सुमारे नववा भाग कापावाच लागतो. तो वरून आणि खालून जातो, म्हणजे नेमके डोके आणि पाय. मेनूत ३:२ चा पर्याय असेल तर छपाईच्या फोटोंसाठी तो आधीच निवडावा, नसेल तर डोक्याच्या वर आणि पायांच्या खाली थोडी जागा राखून फ्रेम ठरवावी.