प्रवृत्ती लिहू की सवय?

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्णनात्मक नोंदींमध्ये एका मुलाविषयी ‘खोटे बोलण्याची प्रवृत्ती आहे’ असे लिहिले, तर सहकाऱ्यांनी शब्द जड आहे, बदला, असे सुचवले. प्रवृत्ती, वृत्ती, कल, सवय, खोड यांत नेमका फरक काय?

उत्तर : सहकाऱ्यांचे ऐका. संधी मिळाली की मन आपणहून ज्या वागण्याकडे वळते, ती प्रवृत्ती. ती एकदोनदा पाहून ठरत नाही. शब्द मुळात वाईट नाही. निवृत्तीच्या जोडीने येतो तेव्हा कर्मात राहणे एवढाच त्याचा अर्थ असतो. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) बाजू घेतली ती प्रवृत्तिमार्गाचीच. पण बातम्यांनी त्याच्यामागे ‘गुन्हेगारी’, ‘समाजविघातक’ अशी विशेषणे इतकी लावली, की सात वर्षांच्या मुलाच्या नोंदीत तो शिक्काच वाटतो. त्यापेक्षा जे घडले ते लिहा : ‘गृहपाठ राहिला की खरे कारण सांगत नाही.’ पुढच्या वर्षीच्या शिक्षकांनाही याचाच उपयोग होईल.

शब्द निवडताना त्याच्या शेजारी काय बसते ते पाहा. प्रवृत्तीआधी बहुधा ‘-ण्याची’ येते : टाळण्याची, साठवण्याची. कलाला ‘-कडे’ लागते : कल चित्रकलेकडे आहे. वृत्तीला विशेषण हवे : समाधानी, संशयी, चिकित्सक. म्हणून ‘मारण्याची वृत्ती’ कानाला खटकते, ‘मारकुटी वृत्ती’ खटकत नाही. (शिष्यवृत्तीतली वृत्ती निराळी, तिथे अर्थ उपजीविकेचे साधन.)

सवय लागते, लावता येते, मोडता येते. खोडही लागते, पण ती खटकणारीच असते : नखे कुरतडण्याची, पेन्सिल चावण्याची. इथे एक घोटाळा नेहमी होतो. ‘खोड्या काढतो’ म्हणजे दुसऱ्याला छेडतो. ‘खोड आहे’ म्हणजे स्वतःलाच न सुटणारे काही आहे. पालक दोन्ही एकच समजतात, म्हणून नोंदीत कृती स्पष्ट लिहावी. कल मात्र लागत नाही की मोडत नाही. तो ओळखावा लागतो. ‘आवड व छंद’ या रकान्यात तो बेलाशक लिहा.

अभिवृत्ती आणि अभियोग्यता हे शब्द मानसशास्त्राचे आहेत. पहिला एखाद्या गोष्टीविषयीच्या अनुकूल-प्रतिकूल दृष्टीसाठी, दुसरा शिकण्याच्या अंगभूत क्षमतेसाठी. चाचणी घेतल्याशिवाय ते वापरू नयेत.

प्रश्न : ‘प्रवृत्ति’ बरोबर की ‘प्रवृत्ती’?

उत्तर : सुटा शब्द दीर्घ : प्रवृत्ती, वृत्ती, निवृत्ती. समासात पहिले पद असेल तर ह्रस्व : प्रवृत्तिमार्ग, निवृत्तिवेतन. शेवटचे पद असेल तर पुन्हा दीर्घ : मनोवृत्ती, अपप्रवृत्ती. ‘त्त’ जोडाक्षर सगळीकडे कायम. ‘प्रवृती’ ही चूक टंकलेखनात सर्रास होते, तेवढी तपासून घ्या.