दुसरं वर्ष सांभाळ

प्रिय भाचीस,
अनेक आशीर्वाद.

मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश पक्का झाल्याचं ताईने सांगितलं. खूप आनंद झाला. चार वर्षांचं नियोजन लिहून पाठव म्हणालीस. पाय कुठे घसरतो ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून तिथूनच सांगतो.

पहिल्या वर्षी इंग्रजीची भीती वाटेल. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या सगळ्यांना वाटते, चार महिन्यांत जाते. ड्रॉइंगची शीट मात्र दुसऱ्याची काचेवर ठेवून उतरवू नकोस. आपल्याकडे ड्रॉइंगची फर्स्ट अँगल पद्धत आहे, त्यात टॉप व्ह्यू, म्हणजे वस्तू वरून दिसते ते चित्र, समोरच्या चित्राच्या खाली येतो. तो का खाली येतो, हे खडूचा डबा हातात फिरवून एकदा बघ, मग पाठ करावं लागणार नाही. वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब, म्हणजे मापात आणायचा लोखंडी तुकडा, स्वतः घास. गुण्या लावून उजेडाकडे धरलास की फट दिसते. पुन्हा कानस मारायची, पुन्हा धरायचं. अचूकता म्हणजे काय, हे मी तिथे शिकलो.

आता दुसरं वर्ष. इथे जीव तोडून सांगतोय. एफई म्हणजे पहिलं वर्ष सुटलं, कॅम्पसमधली नोकरभरती लांब आहे, गॅदरिंगची धमाल आहे, म्हणून सगळे सैल पडतात. मीही पडलो. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला आणि तो सोडवण्यात माझं टीई, म्हणजे तिसरं वर्ष, गेलं. डिफरन्शियल इक्वेशन कच्ची राहिल्यामुळे हीट ट्रान्सफरची डेरिव्हेशन्स अर्थ न कळता घोकली. सातव्या सेमिस्टरला पहिली कंपनी आली, तिची अट 60 टक्क्यांची. माझे 58. मित्र आत परीक्षा देत होते, मी व्हरांड्यात उभा होतो. थर्मो (थर्मोडायनॅमिक्स), एसओएम (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स) आणि एम-थ्री हे तीन विषय धरून ठेव. समजले नाहीत तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत.

तिसऱ्या वर्षी गेट ही एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा देता येते, स्कोअर 3 वर्षं चालतो. एकदा देऊन बघ. सुट्टीत एखाद्या छोट्या कारखान्यात महिनाभर काम कर, नुसतं सर्टिफिकेट आणू नकोस.

शेवटच्या वर्षी तयार प्रोजेक्ट विकत मिळतात. घेऊ नकोस. आपल्या गावच्या गुऱ्हाळात चिपाडं जाळतात आणि बरीच उष्णता धुराड्यातून वाया जाते. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचं साधन, लावून किती जाते ते मोजलंस तरी तो तुझा प्रोजेक्ट होईल. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कोणी काहीही विचारलं तरी उत्तर तुझ्याकडे असेल, कारण काहिलीशेजारी तू स्वतः उभी राहिलेली असशील. गुऱ्हाळवाल्या काकांशी मी बोलून ठेवतो.

दिवाळीला येशील तेव्हा फिटिंगचा जॉब घेऊन ये. माझा गुण्या अजून आहे.

तुझा,
मामा